पडदा कुणासाठी बदलायचा?

जुन्या यंत्राचा पडदा बदलावा की अख्खं यंत्रच बदलावं? टीव्हीच्या बाबतीत हा प्रश्न आपण सगळ्यांनी केव्हाच निकालात काढलाय. टीव्हीच बदलायचा! पण काही यंत्रांचं मुख्य काम मोजण्याचं असतं, पडदा ही त्यातली अगदी शेवटची पायरी असते. अशा यंत्राच्या बाबतीत घाई करू नये, आणि पडदा बदलायचाच तर तो कुणाच्या डोळ्यांसाठी बदलतोय हे आधी ठरवावं, असं माझं मत आहे. गेलं वर्षभर आमच्या घराण्यात यावर बरीच वादावादी झाली. त्यातले काही जण हे वाचतीलच, त्यांनी रागावू नये. :)

यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. कॉलेजातली मुलं सीआरओ म्हणतात, दुरुस्तीवाले नुसतं 'स्कोप' म्हणतात. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईचा याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. माझा धाकटा भाऊ सांगलीत चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवत होता. दुकान बंद झालं, पण माडीवरच्या खोलीत त्याचं टेबल अजून मांडलेलं आहे. भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर, कुणाचा इन्व्हर्टर, कुणाच्या आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ अशी कामं येत असतात. टेबलावर दोन स्कोप आहेत. एक देशी बनावटीचा, २० मेगाहर्ट्झचा, जुन्या पद्धतीचा. दुसरा अमेरिकन, नव्वदच्या दशकातला डिजिटल, ५०० मेगाहर्ट्झचा आणि चार चॅनेलचा. हा त्याने एका कारखान्याच्या लिलावात घेतला होता. (कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, जाहिरात नको आणि बदनामीही नको.)

गेल्या वर्षी या दुसऱ्या स्कोपचा पडदा फार मंद झाला. आणि नेमके त्याच वेळी भावाचे डोळेही. एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात काचबिंदू आहे. दुपारी खिडक्या लावून, दिवा मालवून, कपाळ पडद्याला टेकवून तो रेघ शोधायचा. घरात दोन मतं पडली. सूनबाई म्हणाली, आता बाबांनी हे सगळं थांबवावं. भाचा म्हणाला, "आत्या, वीस-तीस हजारांत नवाकोरा स्कोप मिळतो, रंगीत पडद्याचा. हे धूड भंगारात द्या." भाऊ गप्प. गप्प बसणं हा त्याचा विरोध असतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आता यंत्राबद्दल थोडं सांगते, म्हणजे माझं म्हणणं कळेल. जाणकारांनी हा भाग ओलांडून पुढे जावं.

डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात ना, तसा स्कोप विजेच्या चढउताराचा आलेख काढतो. आडवा काळ, उभा व्होल्ट. पडद्यावर आडवे दहा आणि उभे आठ चौकोन आखलेले असतात, ते मोजून वाचायचं. याचं मूळ आहे जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनंड ब्राऊन यांच्या १८९७ सालच्या काचेच्या नळीत. गंमत म्हणजे ब्राऊन यांना १९०९ चं नोबेल मिळालं ते मार्कोनींबरोबर, बिनतारी संदेशवहनाच्या कामासाठी. पण पुढे घराघरांत टीव्हीच्या रूपाने पोहोचली ती त्यांची नळीच.

जुन्या पद्धतीच्या स्कोपमध्ये ही नळी म्हणजेच यंत्र. तापलेल्या टोकातून इलेक्ट्रॉनचा झोत निघतो. आपण जोडलेली वीज, वाढवून, थेट त्या झोताला वरखाली वाकवते आणि तो समोरच्या लेपावर आदळून हिरवी रेघ उमटवतो. म्हणजे मोजणारा आणि दाखवणारा एकच. अशा स्कोपची नळी काढून तिथे एलसीडी बसवता येत नाही. बसवायचाच तर आत दुसरं यंत्र बांधावं लागेल, आणि मग जुन्याचा उरेल तो फक्त डबा! ओळखीच्या एका मुलाने भावाकडे असा हट्ट धरला होता. भावाने त्याला चहा पाजला आणि स्कोप जसाच्या तसा परत दिला.

डिजिटल स्कोपचं वेगळं आहे. तिथे सिग्नलची मोजदाद आधीच झालेली असते. भावाच्या स्कोपमध्ये सेकंदाला १०० कोटी वेळा नमुना घेतला जातो आणि प्रत्येक नमुन्याला २५६ पायऱ्यांपैकी एक पायरी मिळते. ते आकडे साठवले जातात, त्यावरून आतला प्रोसेसर चित्र तयार करतो, आणि मग ते चित्र टीव्हीसारखं ओळीओळीने नळीवर रंगवलं जातं. नळी इथे फक्त निरोप्या आहे. निरोप्याचा आवाज बसला म्हणून निरोप धाडणाऱ्याला घरी बसवायचं का?

माझ्या मते पडदा बदलणं योग्य की अयोग्य, याची पहिली कसोटी हीच. तुमच्या यंत्रात पडदा निरोप्या आहे की मोजणारा? निरोप्या असेल तर खुशाल बदला. आणि बदलताना मनात एवढं पक्कं असू द्या की नव्या पडद्याने मोजमाप तसूभरही सुधारत नाही. २५६ पायऱ्या होत्या त्या २५६ च राहतात. मोठ्या अक्षरात छापल्याने बातमी जास्त खरी होत नाही, तसंच हे.

दुसरी कसोटी, दोष नक्की नळीतच आहे ना? हे तपासायला भावाने फार सोपा मार्ग काढला. या स्कोपच्या पाठीमागे संगणकाचा मॉनिटर जोडायची खोबण आहे. भाच्याचा अडगळीतला मॉनिटर त्याने तिथे जोडला. चित्र लख्ख! म्हणजे आतलं सगळं ठीक होतं, थकली होती ती नळी. महिनाभर त्याने असंच काम केलं. ज्यांच्या स्कोपला अशी खोबण आहे त्यांनी आधी हेच करून पाहावं. खर्च नाही, काही उघडायचं नाही, नाही पटलं तर वायर काढून घ्यायची. भावाला ते गैरसोयीचं झालं, कारण मॉनिटर एका बाजूला, बटणं दुसऱ्या बाजूला, आणि त्याला सारखी मान वळवावी लागे. म्हणून मग नळीच्याच जागी एलसीडी बसवायचं ठरलं.

त्याआधी आणखी एक गोष्ट बघावी लागते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला अनेक कंपन्यांच्या यंत्रांत जे छोटे कॅपॅसिटर बसवले गेले, ते म्हातारपणी पाझरतात. त्यातला द्रव बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा खातो. हे आत चालू असताना पुढे झगझगीत पडदा लावण्यात अर्थ नाही, भिंतीत ओल असताना रंग काढण्यासारखं ते आहे. भावाने ते कॅपॅसिटर २०१५ सालीच बदलून टाकले होते. ज्यांनी बदलले नसतील त्यांनी पैसे आणि वेळ आधी तिथे घालवावा. पडदा थांबू शकतो.

आता पडद्याची निवड. मला वाटायचं, बाजारात जाऊन मापाचा आणायचा, झालं. तसं नाही! हल्ली मिळणारे पडदे बहुतेक १६:९ प्रमाणाचे, रुंद. जुन्या स्कोपचं चित्र ४:३ प्रमाणाचं. रुंद पडद्यावर ते ताणून बसवलं की सगळं एक तृतीयांशाने आडवं फुगतं. चौकोन मोजून वाचलं तर आकडा बरोबरच येतो. पण चाळीस वर्षं ज्याने आकारावरून रोग ओळखला त्याची नजर फसते. एक उदाहरण देते. दोन सारख्या लहरी एकमेकींपासून पाव फेरी मागेपुढे असल्या आणि एक आडवी, एक उभी जोडली, तर पडद्यावर वर्तुळ उमटतं. (लिसाजू नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या या आकृत्या.) ताणलेल्या पडद्यावर त्याच वर्तुळाचं अंडं दिसतं आणि बघणारा नसलेला दोष शोधत बसतो.

तसंच ठिपक्यांचं. या स्कोपचं चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचं. ते ८०० बाय ६०० च्या पडद्यावर पूर्ण पसरलं तर चित्रातल्या एका ओळीच्या वाट्याला पडद्याची सव्वा ओळ येते. सव्वा ओळ कशी दाखवणार? मग काही ओळी जाड, काही पुसट. भाच्याने जास्त ठिपक्यांचा पडदा सुचवला होता, त्याच्या हिशेबाने जास्त म्हणजे चांगला. भावाने बरोबर ६४० बाय ४८० चा, ४:३ चा, साडेसहा इंचांच्या आसपासचा पडदा शोधला. कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांसाठी असे पडदे अजून मिळतात. पडदा आणि त्याला चालवणारं बोर्ड मिळून साडेचार हजार लागले.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट रंगाची. नळी एकरंगी, त्यामुळे चित्राची तार एकच. एलसीडीच्या बोर्डाला मात्र लाल, हिरवा, निळा अशा तीन तारा लागतात. एकच तार तिन्हींना दिली तर चित्र पांढरं दिसतं, फक्त हिरव्याला दिली तर हिरवं. भाऊ दोन संध्याकाळी नुसत्या तारा अदलाबदल करत बसला. पांढऱ्याने त्याचे डोळे दिपले, हिरवं त्याला पुरेसं उठून दिसेना. शेवटी लाल आणि हिरवा दोन्हींना तार दिली. प्रकाशात लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो. एका तारेला दोन वाटेकरी झाल्यावर चित्र थोडं फिकं पडलं, ते बोर्डवरच्या काँट्रास्टने भरून काढलं. काळ्यावर पिवळी रेघ! "अक्का, ही दिसतीय बघ," तो म्हणाला. खिडकी उघडी होती. मला तेवढं पुरे होतं. हा पडदा दुसऱ्या कुणाला कदाचित आवडणार नाही, आणि आवडायची गरजही नाही.

तिसरी कसोटी काम झाल्यानंतरची. पडदा बदलल्यावर मोजमाप बिघडलं नाही ना? एलसीडीच्या पाठीमागचे दिवे प्रकाश कमी-जास्त करायला अतिशय वेगाने उघडझाप करतात. ती उघडझाप स्कोपच्या नाजूक भागात शिरू शकते आणि मग यंत्र स्वतःचाच गोंगाट मोजायला लागतं. भावाने पडदा बदलण्याआधी दोन फोटो काढून ठेवले होते. एक, काहीच न जोडता दिसणाऱ्या सरळ रेघेचा. दुसरा, यंत्राच्या तोंडावर तपासणीसाठी १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर दिलेली असते तिचा. पडदा बसवल्यावर पुन्हा तेच फोटो काढून शेजारी ठेवले. चौकोनी लहर तंतोतंत जुळली, पण सरळ रेघ जाडसर दिसली. मग पडद्याच्या मागे पातळ पत्रा लावून तो सांगाड्याला जोडला, दिव्यांच्या वायरवर फेराइटची रिंग चढवली, रेघ पूर्ववत झाली. याला आणखी चार दिवस गेले. भाच्याच्या मते ती जाडी कुणाच्या लक्षातही आली नसती. भावाचं म्हणणं, "मला माहिती असताना मी लोकांना माप कसं सांगू?" यावर मी काय बोलणार? मी आपली मनातल्या मनात त्याला शंभरपैकी शंभर दिले.

एक इशारा मात्र कळकळीने देते. नळीच्या पाठीवर रबरी टोपीखाली जाणारी जाड वायर असते, तिच्यात हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही तो भार बराच वेळ नळीत टिकून राहतो. शिवाय नळी आतून निर्वात, मान मोडली तर काचा उडतात. हा नवशिक्याने घरी एकट्याने करायचा उद्योग नाही. भावाने आयुष्यभर हेच केलं, तरी त्या दिवशी त्याने अंगठी काढली, आधी भार उतरवला आणि एक हात पाठीमागे ठेवून काम केलं. जुन्या मेकॅनिकांची ही सवय आहे, दोन्ही हात आत असले तर झटका छातीतून जातो. मलाही त्याने दोन पावलं मागे बसवलं होतं.

मी तिथे कशाला होते? पुस्तक वाचायला! यंत्राबरोबर आलेलं दुरुस्तीचं पुस्तक चांगलं जाडजूड आहे, आणि त्यातला बारीक टाइप आता त्याला वाचवत नाही. माझं इंग्रजी बेताचं, पण डिक्शनरी जवळ घेऊन वाचलं. यंत्र कसं चालतं यावर एक स्वतंत्र प्रकरण, कुठला भाग कुठल्या स्क्रूने निघतो याच्या आकृत्या, बिघाड शोधायची पायरीपायरीची पद्धत. क्रमिक पुस्तक कसं असावं याचा नमुना म्हणून दाखवावं असं. विकत घेणारा माणूस शहाणा आहे, त्याला समजावून सांगितलं तर समजेल, असा भरवसा त्या पानापानांत दिसतो. आज नव्या वस्तूबरोबर येणारा कागद उघडा. 'आत तुमच्या कामाचं काही नाही, अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.' हा फरक मला नुसता धंद्यातला वाटत नाही, माणसाकडे बघण्यातला वाटतो. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं घेतली आहेत. स्वागतच आहे. पण नुसता हक्क देऊन भागणार नाही, सोबत ते जाडजूड पुस्तकही द्यायला हवं.

भाच्याची बाजू न मांडता लेख संपवणं बरं नाही. नव्या स्कोपची स्मरणशक्ती प्रचंड मोठी असते. भावाचा स्कोप एका वेळी काही हजार बिंदू साठवतो, नवे लाखो साठवतात. संगणकी संदेश उलगडून वाचायची सोय त्यांत असते, ते हलके असतात, वीज कमी खातात. ज्याला नवीन डिजिटल कामं करायची आहेत त्याने नवाच घ्यावा, जुन्याच्या प्रेमात अडकू नये. भाऊ करतो ती कामं मात्र या जुन्या यंत्रात आरामात बसतात. शिवाय त्याची बोटं त्या बटणांना सरावली आहेत, बघावं लागत नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावर नवी बटणं शिकायला लावणं, आणि तीही अधू नजरेने, हा खर्च वीस-तीस हजारांत धरलेला नसतो.

आणि खरं सांगू का, माझा राग नव्या स्कोपवर नव्हताच, 'आता थांबा' या वाक्यावर होता. बोलणाऱ्यांचा हेतू प्रेमाचा असतो हे मी जाणते. पण दिसत नाही म्हणून माणसाचं काम काढून घेण्याआधी, दिसेल असं काही करता येतं का हे बघायला काय हरकत आहे? आमच्याकडे ते साडेचार हजारांत आणि दोन आठवड्यांत झालं. प्रत्येक घरी असं होईलच असं नाही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, पुढे पिवळी रेघही दिसेनाशी होईल कदाचित. तेव्हाचं तेव्हा. सध्या तरी भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर दुरुस्त होऊन गेला आहे.

काढलेली नळी अजून मिणमिणते, म्हणून भावाने ती कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे, कुणा गरजूला लागली तर. तुमच्याकडे फुटकी किंवा मेलेली नळी असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. अशा नळ्यांच्या काचेत शिसं असतं, तो तांब्यासाठी ती फोडतो आणि शिसं तिथेच मातीत जातं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, अधिकृत संकलन केंद्रातच द्यावी.

असो, नेहमीप्रमाणे लांबलं. जाता जाता एक विनंती. भावाच्या मिरजेच्या मित्राकडे असाच स्कोप आहे, त्यालाही पडदा बदलायचाय. ६४० बाय ४८० चा, ४:३ चा, साडेसहा इंची पडदा कुणाकडे पडून असेल तर जरूर कळवा. रंग तो स्वतः बघून ठरवेल.